ओलं बोट

पाट्टोवर तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस,
खिडकीतून अर्धी मांडवी दिसते,
उरलेली एसीच्या डब्यामागे.
शुक्रवारी रिलीज. आज बुधवार.
निनाद म्हणतो, माझे युनिट टेस्ट सगळे हिरवे,
चारशे बारा.
म्हणजे भाडं मोजणारं फंक्शन भाडं मोजतं,
तारीख छापणारं तारीख छापतं,
एकमेकांची ओळख असायची त्यांना गरज नाही.
एकेकटी असताना सगळीच गुणी.

भांडण लागतं ते जोडणीत.
भाड्याने रुपये पाठवले,
बँकेने ते पैसे समजून घेतले,
आणि चोडणच्या फेरीचा महिन्याचा पास
दीड रुपयाला गेला.
त्या दिवशी इंटिग्रेशन टेस्टला हात असते
तर मी बांगड्यांचं हुमण वाढलं असतं.

स्मोक टेस्ट सगळ्यांची लाडकी, कारण ती आळशी.
चालू होतंय? धूर येत नाही ना? जा मग.
चहा निवायच्या आत संपते.

रिग्रेशनला कोणी विचारत नाही.
नवं दार बसवलं म्हणून घरभर फिरायचं,
जुन्या कड्या एकेक लावून पाहायच्या.
ते काम माझं, पाच वर्षं झाली.
आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली,
म्हणजे निजायच्या आधी मी गॅस बघते, तसं?
तसंच, आई.
फक्त दोन हजारदा.

लोड टेस्ट रात्री लावली.
पाच हजार प्रवासी, नावं नसलेले,
एकाच सेकंदाला धक्क्यावर हजर.
कोणी शिंकलं नाही, कोणाचं पोर रडलं नाही,
सुट्ट्यांवरून कुरकुर नाही.
तीन वाजून वीस मिनिटांनी सर्व्हर गुडघ्यांवर आला,
पावणेचारला उठून उभा राहिला.
तोवर माझा सकाळचा उंडा रबर झाला होता.
तोच चावत मी अहवाल लिहिला: पास.

अक्सेप्टन्स टेस्ट ऑफिसातच व्हायची होती.
खात्याचे दोन साहेब, बशीत बिस्किटं,
पुसून ठेवलेले चार फोन.
मीच म्हटलं, धक्क्यावर जाऊ.
साहेबांनी बिस्किटांकडे पाहिलं.

रायबंदर, गुरुवार, सकाळचे सात.
पिएदादच्या डोक्यावर तारल्यांची टोपली,
हातात आमचा फोन.
तिने अंगठा टेकवला.
पडदा ढिम्म.
पुन्हा टेकवला, मग दाबला,
मग पिठात बोट खुपसावं तसा खुपसला.
झग्याला पुसून घेतला, तर टोपलीतलं बर्फ
कोपरावरून ओघळत परत अंगठ्यावर आलं.
एक खवला स्क्रीनला चिकटला, चमकत राहिला,
जणू तेच आमचं नवं बटण.
"बोट ओलें म्हजें, बाय. कितें करूं?"

भोंगा झाला. काइतान दोर सोडत होता.
त्याने फोनकडे बघितलंच नाही,
हात पुढे केला, तिला टोपलीसकट आत ओढून घेतलं.
ओल्या हातात ओला हात.
तेवढ्यापुरती ती पास.

चारशे बारा हिरवे होते.
बँक राजी होती.
पाच हजार जण बिनतक्रार पार झाले होते,
आणि त्यांच्यातल्या एकालाही बोटं नव्हती.
आम्हाला होती: दहा-दहा,
धुतलेली, पुसलेली, एसीत वाळवलेली.

धक्क्याच्या कठड्यावर बसून बग नोंदवला.
क्रमांक नऊशे सात. शीर्षक: ओलं बोट.
निनादचा लगेच निरोप: ओली बोट म्हणायचंय ना?
बोट स्त्रीलिंगी असते.
ती बोट गेली रे, चोडणला पोचलीसुद्धा.
मी ह्या बोटाबद्दल बोलतेय. नपुंसकलिंगी.
मग त्याने बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग लिहिलं: शुक्रवार गेला.

गंभीरता: उच्च.
पुन्हा कसा घडवून आणायचा, हा रकाना
रिकामा सोडता येत नाही.
एक: हात नदीत बुडवा.
दोन: पुसू नका.